दोन प्रतिमांचा मेळ

जर्मनीत लान नदीच्या काठी वेट्झलार नावाचे एक जुने गाव आहे. तेथील लाइट्झ यांचा कारखाना सूक्ष्मदर्शक यंत्रांसाठी प्रसिद्ध होता. १९११ साली त्या कारखान्यात ओस्कार बारनॅक नावाचा एक कुशल कारागीर नोकरीस लागला. यंत्रे घडविणे हा त्याचा व्यवसाय आणि छायाचित्रे काढणे हा त्याचा छंद. परंतु हा छंद त्याच्या प्रकृतीला झेपत नव्हता. त्याला दम्याचा विकार होता, आणि त्या काळचा कॅमेरा म्हणजे एक ओझेच असे. मोठी पेटी, जड काचा आणि तिपाई एवढे सारे घेऊन टेकडी चढताना त्याचा जीव मेटाकुटीस येई.

दुसऱ्या एखाद्याने छंदच सोडून दिला असता. बारनॅकने ओझे कमी करण्याचे ठरविले. मूळ चित्र लहान घ्यावे आणि नंतर ते कागदावर मोठे करावे, ही त्याची कल्पना होती. त्या वेळी सिनेमासाठी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म मिळू लागली होती. तिच्यावरील प्रत्येक चित्र १८ मिलिमीटर बाय २४ मिलिमीटर असे. बारनॅकने फिल्म आडवी धरली आणि दोन चित्रांच्या जागेत एक चित्र बसविले. अशा रीतीने २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट ठरली. १९१४ सालापर्यंत त्याने खिशात मावेल असा धातूचा कॅमेरा तयार केला. १९२० साली वेट्झलारच्या रस्त्यांत पुराचे पाणी शिरले, तेव्हा त्याने याच लहानशा यंत्राने त्या प्रसंगाची छायाचित्रे घेतली.

तथापि हा कॅमेरा बाजारात येण्यास अवकाश होता. मध्यंतरी पहिले महायुद्ध होऊन गेले होते. जर्मनीची आर्थिक स्थिती बिकट होती. १९२४ साली कारखान्याचे मालक एर्न्स्ट लाइट्झ यांनी या प्रश्नावर विचार करण्यासाठी आपल्या सहकाऱ्यांची सभा बोलावली. नव्या कॅमेऱ्यात पैसा गुंतविणे धोक्याचे आहे, असे अनेकांचे मत पडले. लाइट्झ यांनी सर्वांचे म्हणणे ऐकून घेतले आणि शेवटी हा धोका पत्करण्याचा निर्णय दिला. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा लोकांपुढे आला. ‘लाइट्झ’ आणि ‘कॅमेरा’ या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव ‘लायका’ असे ठेवण्यात आले.

कॅमेरा लहान झाला, पण एक अडचण उरली. चित्र रेखीव येण्यासाठी वस्तू किती अंतरावर आहे, हे कळावे लागते आणि त्याप्रमाणे भिंग मागेपुढे करावे लागते. अंतराचा अंदाज डोळ्यांनी करावा, तर तो पुष्कळदा चुके. या अडचणीवर १९३२ साली उपाय निघाला. त्या वर्षीच्या नव्या लायकात अंतरमापक कॅमेऱ्यातच बसविलेला होता आणि तो भिंगाशी जोडलेला होता.

अंतरमापकाचे तत्त्व समजण्यास एक साधा प्रयोग पुरेसा आहे. हात लांब करून अंगठा उभा धरावा. प्रथम एक डोळा मिटून आणि मग दुसरा मिटून त्याच्याकडे पाहावे. अंगठा जागचा हलत नाही. तरीही समोरच्या भिंतीवर तो बाजूला सरकल्यासारखा दिसतो. अंगठा डोळ्यांजवळ आणला म्हणजे हे सरकणे वाढते. दोन डोळ्यांतून होणाऱ्या या दोन दर्शनांतील फरकावरून अंतर कळू शकते.

कॅमेऱ्यालाही असेच दोन डोळे असतात. त्याच्या दर्शनी बाजूवर दोन लहान खिडक्या थोड्या अंतरावर असतात. त्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा आरसा व लोलक यांच्या साहाय्याने एकाच जागी दिसतात. भिंग फिरविले की त्याच्या मागच्या कडेला टेकलेली एक तरफ हलते आणि त्याबरोबर दुसरी प्रतिमा सरकू लागते. माणसाकडे पाहताना प्रथम त्याच्या नाकाशेजारी दुसरे नाक दिसते. भिंग सावकाश फिरवीत गेले की दोन्ही नाके जवळ येतात आणि एका क्षणी एक होतात. दोन प्रतिमांचा मेळ बसला, की अंतर अचूक साधले असे समजावे.

या कॅमेऱ्याला विजेची गरज नसते. आणि म्हणूनच तो वापरणाऱ्याच्या वतीने कोणताही विचार करीत नाही. त्याला लक्ष आणि शिस्त लागते. फिल्म सावलीत भरावी. फिल्म पुढे सरकविताना ती गुंडाळण्याची दुसरी चकतीही फिरते की नाही, हे पाहावे; ती फिरत नसेल, तर फिल्म जागीच राहिली आहे आणि पुढचा सारा खटाटोप व्यर्थ आहे. जुन्या लायकात पडद्याचा वेग ठरविण्यापूर्वी फिल्म पुढे घेणे हा नियम कटाक्षाने पाळावा. मिटणारे भिंग असल्यास ते पूर्ण बाहेर ओढून फिरवून पक्के करावे.

त्यानंतर प्रकाशाचा विचार करावा. प्रकाश आत येण्याचे छिद्र लहानमोठे करता येते. छिद्राचा अंक जितका मोठा, तितके छिद्र लहान. लख्ख उन्हात छिद्राचा अंक १६ ठेवावा आणि फिल्मवर जो संवेदनशीलतेचा अंक असेल, तितकाव्या भागाएवढा सेकंद पडदा उघडावा. म्हणजे १०० अंकाच्या फिल्मसाठी सेकंदाचा शंभरावा भाग. आभाळ झाकोळले, तर छिद्र मोठे करावे.

एक चूक मात्र अनुभवी माणसाकडूनही होते. या कॅमेऱ्यात भिंगातून पाहावयाचे नसते. त्याच्या वरच्या वेगळ्या खिडकीतून पाहावयाचे असते. त्यामुळे भिंगावरचे झाकण काढावयाचे राहिले, तरी समोरचे दृश्य स्वच्छ दिसतच राहते. कळ दाबली जाते, आवाज होतो, आणि फिल्मवर काहीच उमटत नाही. ही चूक कळते ती फिल्म धुतल्यावर. तोवर तो प्रसंग निघून गेलेला असतो.

प्रसंग परत येत नाहीत, हेच या कलेचे मर्म आहे. हेन्री कार्तिए ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार लायका घेऊन देशोदेशी हिंडला. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्याने महात्मा गांधींची भेट घेतली आणि त्यांची छायाचित्रे काढली. त्याच दिवशी सायंकाळी गांधीजींची हत्या झाली. पुढे अंत्ययात्रेतील शोकाकुल जनसमुदायही त्याने टिपला. ती छायाचित्रे पुन्हा घेणे कोणालाही शक्य नव्हते. एका फिल्मवर साधारणपणे ३६ चित्रे निघतात आणि चित्र कसे आले ते लगेच दिसत नाही. म्हणूनच कळ दाबण्यापूर्वी नीट पाहणे आणि योग्य क्षणाची वाट पाहणे या दोन गोष्टी हा कॅमेरा माणसाला शिकवितो.

असे यंत्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मात्र त्याची निगा राखली पाहिजे. भिंगावरची धूळ प्रथम रबरी फुग्याच्या वाऱ्याने उडवावी, मग मऊ कुंचल्याने झाडावी, आणि अगदी आवश्यक वाटले तरच स्वच्छ मऊ कापडाने भिंग हलकेच पुसावे. धुळीसकट पुसल्यास काचेवर कायमचे ओरखडे पडतात. तोंडाने फुंकर घातल्यास थुंकीचे कण उडतात. घरातले तेल कॅमेऱ्यात कधीही सोडू नये. ते हळूहळू पसरते आणि पडद्याला व छिद्राच्या पात्यांना चिकटते.

सूर्याकडे तोंड करून हा कॅमेरा उघडा ठेवू नये. भिंगाने कागद जाळण्याचा खेळ मुलांना ठाऊकच असतो. जुन्या लायकात रबर चढविलेल्या कापडाचा पडदा असतो. त्यावर सूर्याची प्रतिमा पडून राहिली, तर कापडाला भोक पडते आणि पुढच्या प्रत्येक चित्रावर प्रकाशाचा डाग उमटतो.

आपल्याकडे या कॅमेऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. कोकणासारख्या दमट प्रदेशात बंद कपाटातील भिंगावर बुरशी चढते. तिचे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात आणि वेळीच उपाय न केल्यास काच खराब करतात. कॅमेऱ्याची चामड्याची पिशवी ओल धरून ठेवते. म्हणून पावसाळ्यात कॅमेरा पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. अधूनमधून तो बाहेर काढून फिल्म न भरताच सर्व वेगांवर कळ दाबावी; न वापरलेल्या यंत्राचे मंद वेग प्रथम अडखळू लागतात. ठेवताना मात्र पडदा ताणलेला राहू देऊ नये.

आणि काहीही अडले, तरी जोर करू नये. फिल्म सरकेनाशी झाली, तर बहुधा ती संपलेली असते. जोर केल्यास तिच्या कडेची छिद्रे फाटतात. अशा वेळी ती उलटी गुंडाळून घ्यावी आणि त्यानंतरच कॅमेरा उघडावा. खरा बिघाड असेल, तर जाणत्या कारागिराकडे जावे.

आपल्याला चालताना धाप लागते, म्हणून एका आजारी कारागिराने कॅमेरा हलका केला. त्याने ओझे कमी केले, पण पाहण्याची जबाबदारी कमी केली नाही. खिडकीतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा आपोआप एक होत नाहीत. त्या एक होईपर्यंत हात स्थिर आणि मन सावध ठेवावे लागते.

शब्दार्थ

मेटाकुटीस येणे – अतिशय थकून जाणे. लोलक – प्रकाशाची दिशा बदलणारा काचेचा तुकडा. तरफ – एका बिंदूभोवती हलणारी पट्टी. कटाक्षाने – काळजीपूर्वक. झाकोळणे – ढगांनी व्यापले जाणे. मर्म – खरे सार.

स्वाध्याय

१. बारनॅकला लहान कॅमेरा बनविण्याची गरज का वाटली?
२. अंगठ्याचा प्रयोग स्वतः करून पाहा आणि त्यावरून अंतरमापकाचे कार्य आपल्या शब्दांत लिहा.
३. भिंगावरचे झाकण न काढल्याची चूक लगेच का कळत नाही?
४. कारणे द्या : (अ) भिंग पुसण्यापूर्वी धूळ उडवावी. (आ) पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नये.
५. ‘प्रसंग परत येत नाहीत, हेच या कलेचे मर्म आहे.’ या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
६. घरातील एखाद्या जुन्या वस्तूची निगा कशी राखली जाते, ते मोठ्या माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.