‘मी काहीच खात नाही हो, डॉक्टर!’

वजनकाट्यावर उभं राहण्याआधी माणसं काय काय काढून ठेवतात ते बघण्यासारखं असतं. चपला सगळेच काढतात. मग घड्याळ, मोबाईल, किल्ल्यांचा जुडगा. कुणी ओढणी खुर्चीवर टाकतं, कुणी बांगड्या उतरवतं. चांगले एकशेदहा किलोचे गृहस्थ खिशातलं पेन काढून माझ्या टेबलावर ठेवतात. आणि काट्यावरून उतरताना, मी काही विचारायच्या आत, एक वाक्य हमखास येतं : ‘खरं सांगतो, मी काहीच खात नाही हो, डॉक्टर!’

या वाक्यावर आमच्यातले बरेचजण मनात हसतात. घरचे तर तोंडावर हसतात. मी म्हणते, ते खरं धरून चालावं आणि पुढचा प्रश्न विचारावा : काहीच खात नाही, ते कधी? मग हळूहळू दिवस उलगडतो. सकाळी बिनसाखरेचा चहा. दुपारी डब्यात काकडी-गाजर आणि एक फुलका. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक आला तर ‘नको, माझं डाएट चालू आहे’. रात्री सगळ्यांसमोर अर्धी भाकरी. यातलं अक्षरही खोटं नसतं. पण साडेअकराला घर झोपलं की दिवा न लावता, ओट्याशी उभ्यानंच खाणं सुरू होतं. आधी मूठभर चिवडा. मग फरसाण, मुलांची बिस्किटं, फ्रीजमधला गार भात, साखर भुरभुरून पोळी. चव लागत नाही, पोट तुडुंब झालं तरी हात थांबत नाही. रिकामं पाकीट कचऱ्याच्या डब्यात तळाशी जातं, वरून भाजीची सालं. सकाळी पुन्हा बिनसाखरेचा चहा.

हा माणूस लबाड नाही. दिवसाचं तो सांगतो, रात्रीचं सांगायला त्याला लाज वाटते. आजचा विषय ती लाज आहे. आहारतक्ते तुमच्या मोबाईलवर ढीगभर येऊन पडलेले असतात, त्यात माझी भर नको.

वर सांगितलं तसं खाणं एक आजार असू शकतो. बिंज ईटिंग डिसऑर्डर हे त्याचं नाव. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५९ मध्ये त्याचं वर्णन केलं. मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळायला मात्र २०१३ साल उजाडलं. थोड्या वेळात भरमसाट खाणं, आपला ताबा सुटल्याची जाणीव, भूक नसताना खाणं, लपून खाणं आणि नंतर स्वतःचीच किळस वाटणं; असं आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने होत असेल तर तपासून घ्यायला हवं. मुद्दाम उलटी काढली जात असेल, जुलाबाची औषधं घेतली जात असतील, तर तो वेगळा आणि अधिक तातडीचा प्रश्न आहे. तेही डॉक्टरांना सांगा. गणपतीत पैज लावून सगळ्यांच्या देखत अकरा मोदक खाल्ले, हा आजार नव्हे. तो आनंद आहे, फार तर दुसऱ्या दिवशी पोट बिघडेल. आणि स्थूल असणाऱ्या बहुतेकांना हा आजार नसतो, तसाच तो अंगाने बारीक असणाऱ्यालाही होऊ शकतो.

आता उपाशी राहण्याबद्दल. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं, हे त्यांना शोधायचं होतं. त्या तरुणांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरलं. पण त्यांच्या मनाचं जे झालं ते वाचून आजही थांबायला होतं. धडधाकट, हसतीखेळती मुलं चिडचिडी, उदास, एकलकोंडी झाली. बोलणं अन्नाचं, स्वप्नं अन्नाची. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. आणि पुन्हा पोटभर द्यायला लागल्यावर काहींनी बेसुमार खाल्लं, तरी भरल्यासारखं वाटेना. लक्षात घ्या, त्यांना दिवसाला साधारण दीड हजार कॅलरी मिळत होत्या. आपल्याकडे वजन उतरवण्याचे कितीतरी तक्ते याहून कमी देतात, आणि ते पाळता आले नाहीत की दोष तुमच्या मनोनिग्रहाला.

मग ‘सोमवारपासून’ हा प्रकार सुरू होतो. सोमवार ते गुरुवार कडक. शुक्रवारी कुणीतरी पेढा हातावर ठेवतं. एक पेढा म्हणजे काही जगबुडी नव्हे, पण मन म्हणतं, आज बिघडलंच आहे, तर मग बिघडू दे. पेढ्याने जेवढं वाढलं नसतं तेवढं या ‘बिघडलंच आहे’ने वाढतं. एखाद्या घासाला ‘पाप’, ‘चीटिंग’ म्हणायची सवय लागली की पुढची शिक्षाही माणूस स्वतःच स्वतःला देतो, कधी उपास करून, कधी आणखी खाऊन.

उदासी आणि वजन यांचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. २०१० मध्ये आधीच्या १५ अभ्यासांचा एकत्र विचार करून संशोधकांनी दाखवलं की, स्थूल व्यक्तीला पुढे नैराश्य येण्याची शक्यता सुमारे ५५ टक्क्यांनी जास्त असते, आणि नैराश्य असलेल्याला पुढे स्थूलता येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी. सततच्या ताणात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढलेलं राहतं, ते चरबी पोटाभोवती साठवायला हातभार लावतं आणि गोड-तेलकटाची ओढ वाढवतं. झोपेचंही तसंच. शिकागोतल्या एका छोट्या प्रयोगात तरुणांना फक्त दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वर गेलं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी खाली आलं. पहाटे साडेचारला उठून डबे करणाऱ्या आणि रात्री मालिका संपल्यावर ओटा आवरणाऱ्या बाईला ‘जरा तोंडावर ताबा ठेव’ म्हणणाऱ्यांनी आधी तिच्या झोपेचे तास मोजावेत.

आणि म्हणणारे तर पावलोपावली भेटतात. लग्नाच्या मांडवात वर्षानंतर भेटलेली मावशी ‘कशी आहेस’ विचारायच्या आधी ‘अगं, किती सुटलीस!’ म्हणते. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मागायची हिंमत होत नाही, म्हणून काहीजणी डोंबिवलीपासून दादरपर्यंत उभ्या राहतात. बसलं तरी शेजारणीचा सुस्कारा ऐकू येतो. शेअर रिक्षात ‘तुम्ही पुढच्या रिक्षाने या’. सगळ्यांना वाटतं आपण तिच्या भल्यासाठी, थोडं टोचून बोलतोय. सहा हजारांहून अधिक अमेरिकन लोकांवरच्या २०१३ मधल्या एका अभ्यासात याचा हिशेब आहे : वजनावरून वाईट वागणूक मिळालेले लोक पुढच्या चार वर्षांत स्थूल होण्याची शक्यता इतरांच्या अडीचपट होती. टोचून बोलल्याने माणूस बारीक होत नाही. तो जिमला जायचं टाळतो, पोहायला जायचं टाळतो आणि आमच्याकडे यायचंही टाळतो. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या बाईला ‘आधी वजन कमी करा’ एवढंच सांगून परत पाठवणारे दवाखाने कमी नाहीत. ती पुन्हा येते तेव्हा साखर बरीच पुढे गेलेली असते.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी १९८० च्या दशकात स्थूलतेचा उपचार करत होते. त्यांना कोडं पडलं ते वेगळंच. ज्यांचं वजन झपाट्याने उतरत होतं, तेच लोक उपचार अर्धवट सोडून जात होते. त्यांनी अशा लोकांना गाठून त्यांचं आयुष्य पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. कितीतरी जणांच्या, विशेषतः बायकांच्या, लहानपणी लैंगिक अत्याचार झाले होते. एकीचं वजन बलात्कारानंतरच्या वर्षभरात वाढलं होतं. मोठं शरीर असलं की पुरुषांची नजर वळत नाही, म्हणून ते तिला हवं होतं. डॉक्टरांच्या दृष्टीने जो आजार होता, तो तिच्या दृष्टीने बंदोबस्त होता. वजन उतरू लागलं आणि कुणी कौतुकाने बघू लागलं की भीती परत येत असे. यातूनच पुढे सतरा हजारांहून अधिक लोकांचा, बालपणीच्या आघातांवरचा मोठा अभ्यास उभा राहिला. त्याचा पहिला निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक वाढलेल्या वजनामागे असं काही असतंच असं अजिबात नाही. पण असेल तर तुम्ही कितीही तक्ते द्या, ते वजन हलणार नाही. ती गोष्ट आधी कुणाला तरी सांगता यायला हवी.

वजन महत्त्वाचं नाही, असा अर्थ यातून काढू नका. भारतीयांसाठी बीएमआय २५ च्या वर गेला की स्थूलता धरतात; कमर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की मधुमेह आणि हृदयविकाराची काळजी घ्यावी लागते. थायरॉईड, पीसीओएस तपासून घ्यावं. काही औषधांनीही वजन वाढतं : ओलान्झापिन, मिर्टाझापिन, व्हॅल्प्रोएट, स्टिरॉइड. तुम्ही यातलं काही घेत असाल तर मनाने बंद करू नका, नैराश्य किंवा फिट उलटून येते. डॉक्टरांना विचारा, पर्याय असू शकतो. मार्च २०२५ पासून आपल्याकडे मौंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन मिळू लागलं आहे. ते घेणारे काहीजण सांगतात की डोक्यात दिवसभर चालणारी खाण्याची भुणभुण थांबली. एका औषधाने जी थांबते ती भुणभुण स्वभावदोष कशी म्हणायची? मात्र पूर्वी नैराश्य किंवा खाण्याचा विकार झालेला असेल, तर इंजेक्शन सुरू करण्याआधी ते सांगा. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेआधी मानसिक तपासणी करतात तीही याचसाठी. ती पार पाडायची औपचारिकता नव्हे.

घरी काय करता येईल? दोन आठवडे एक वही ठेवा, पण कॅलरी लिहू नका. किती वाजता खाल्लं, कुणाबरोबर, त्याआधी काय घडलं आणि मनात काय होतं, एवढंच. बहुतेकांना आठवडाभरातच एखादी वेळ दिसते : सासूबाईंचा फोन येऊन गेल्यावर, बॉसची मीटिंग संपल्यावर, मुलगा परगावी गेल्यापासूनची रविवार संध्याकाळ. दुसरं, सकाळी नीट खा. पोहे, उपमा, भाकरी-भाजी, जे घरात होतं ते, पण बसून, ताटात घेऊन. दिवस उपाशी काढला नाही तर रात्रीचा जोर पुष्कळ उतरतो. रात्री खाल्लंच, तर दुसऱ्या दिवशी उपास करून भरपाई करू नका. नेहमीचा नाश्ता करा. घरातलं उरलंसुरलं ‘वाया जायला नको’ म्हणून आईच्याच पोटात जातं, त्याबद्दलही घरात एकदा बोलून घ्या. फ्रीज आहे, दारात येणारी कामवाली आहे, आणि थोडं कमी शिजवणं तर केव्हाही जमतं.

काट्याची धास्ती असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की, आकडा मोठ्याने वाचू नका. पाठ करूनही उभं राहता येतं. नोंद आमच्याकडे राहते. लपून खाणं, ताबा सुटणं यासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाकडे जा. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी सीबीटी ही उपचारपद्धती यावर चांगली लागू पडते. खाण्यावरचा ताबा परत येतो, वजन मात्र तिने लगेच फारसं उतरेलच असं नाही. ही अपेक्षा आधीच जुळवून घ्या.

घरात वजनदार मूल असेल तर त्याच्या ताटावर टिप्पणी करू नका, भावंडाशी तुलना करू नका आणि एकट्यासाठी वेगळा बेत करू नका. जे बदलायचं ते सगळ्यांच्या ताटात बदला. ‘ढोल्या’, ‘जाडे’ ही लाडाची नावंही बंद करा. शाळेत तीच हाक मारली जाते तेव्हा त्यात लाड नसतो. आणि मूल असो की मोठं माणूस, जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता, त्याला एकटं न सोडता लगेच मदत घ्या. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, फुकट आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.