आधी ग्रब स्क्रू, मग रंग

डेटन, ओहायो

चि. मृण्मयी हिस,


फोटो मिळाले. यंत्र चांगलं आहे आणि ज्या कुटुंबाकडून घेतलंस त्यांनी ते तुला जवळजवळ फुकटात दिलं आहे. तळघरातून तिघांनी उचलून गाडीत घातलंत हे वाचून मात्र छातीत धस्स झालं. पुढच्या वेळी हेडस्टॉक, म्हणजे मोटर आणि स्पिंडल असलेला भाग, काढून वेगळा आणायचा, सगळ्यात जड तोच असतो. असो. हिरवा रंग मूळचा कोणता, स्प्रे करू की ब्रशने लावू, असं तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर पत्राच्या शेवटी देतो. तू तिथवर वाचावंस म्हणूनच.

तू आणलंस ते शॉपस्मिथ मार्क ५. जर्मनीत जन्मून अमेरिकेत आलेल्या हान्स गोल्डश्मिट यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली आणि पहिलं मॉडेल १९४७ मध्ये माँटगोमेरी वॉर्डच्या दुकानांतून विकायला आलं. युद्धावरून परतलेल्या लोकांनी नवी छोटी घरं घेतली होती. हाताने काहीतरी करायची हौस होती, पण जागा म्हणाल तर गॅरेजचा एक कोपरा. एवढ्या जागेत पाच यंत्रं कशी मावायची? म्हणून मोटर एक, फिरणारा स्पिंडल एक, आणि त्याच्याभोवती बाकीचं सगळं सरकवायचं. करवत, लेथ, घासायची चकती, आडवं ड्रिल, आणि अख्खं धूड उभं केलं की उभं ड्रिल. मार्क ५ हे मॉडेल १९५३ च्या सुमाराचं, नावातला पाचाचा आकडा याच पाच कामांचा. मधल्या काळात मालक बदलले, साठच्या दशकात कारखाना बंदही पडला, आणि १९७२ मध्ये जॉन फोल्कर्थ यांनी ते सगळं विकत घेऊन आमच्या या ओहायोत पुन्हा सुरू केलं. म्हणून तुझ्या आजीच्या लग्नाच्या काळातल्या यंत्राला अजूनही बरेचसे नवे भाग बसतात.

आता मुद्द्याचं. साध्या करवत-यंत्राचे बोल्ट एकदा आवळले की वर्षानुवर्षं कोणी त्यांना हात लावत नाही. तुझं यंत्र रोज सैल करायचं यंत्र आहे. करवतीचं ड्रिल करायचं तर टेबल सैल, हेडस्टॉक सैल, पातं काढ, चक घाल, पुन्हा सगळं आवळ. जिथे जिथे ते सैल करता येतं, तिथे तिथे ते सैल राहूही शकतं. त्यामुळे असं जुनं यंत्र ‘नीट करणं’ म्हणजे आधी त्याची आवळण्याची ठिकाणं नीट करणं. रंग, चकाकी, नावाची पट्टी हे सगळं त्यानंतर.

हे मी म्हाताऱ्याची भीती म्हणून सांगत नाही. अमेरिकेत कायदा शिकणारी मुलं पहिल्याच वर्षी ग्रीनमन विरुद्ध युबा पॉवर प्रॉडक्ट्स हा खटला वाचतात. तो याच यंत्राचा आहे. विल्यम ग्रीनमन यांना त्यांच्या बायकोने १९५५ च्या नाताळात शॉपस्मिथ भेट दिलं. १९५७ मध्ये त्यांनी लेथचे जोडभाग घेतले आणि लाकडाच्या मोठ्या ठोकळ्यातून एक चषक कातायला लागले. त्या ठोकळ्यावर त्यांनी आधी अनेकदा काम केलं होतं, काही झालं नव्हतं. मग एके दिवशी तो लेथमधून उडाला आणि थेट कपाळावर बसला. तज्ज्ञांनी कोर्टात सांगितलं, की भाग धरून ठेवणारे स्क्रू अपुरे होते. नेहमीच्याच थरथरीने लेथचं मागचं टोक लाकडापासून हळूहळू दूर सरकलं आणि लाकूड सुटलं. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, न्यायमूर्ती ट्रेनर यांनी लिहिला, आणि सदोष माल बाजारात आणणाऱ्याने ग्राहकाच्या इजेची भरपाई द्यायची, त्याचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करायची गरज नाही, हे तत्त्व इथे रुजलं. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आलं, तेव्हा मला हाच ठोकळा आठवला.

तू यातून घ्यायचं ते एवढंच, की ‘आधी अनेकदा काही झालं नव्हतं’ याला काडीचा अर्थ नाही. थरथर रोज थोडं थोडं काम करत असते. आजोबांच्या अंगणात कामाला येणारे सुतार दिवसाचा पहिला घाव घालण्याआधी वाकस उलटा करून दांडा जमिनीवर दोनदा आपटायचे. दांडा पक्का आहे हे त्यांना काय माहीत नव्हतं? तरी आपटायचे.

तर सुरुवात अशी कर. वायर भिंतीतून काढ आणि प्लग डोळ्यांसमोर टेबलावर ठेव, मागे लोंबकळत नको. ५/३२ इंची एलन की घे, या यंत्राचे बहुतेक ग्रब स्क्रू, म्हणजे भाग धरून ठेवणारे बिनडोक्याचे स्क्रू, तिनेच फिरतात. प्रत्येक स्क्रू पूर्ण बाहेर काढ आणि त्याचं टोक बघ. चेपलेलं असेल किंवा आतला षटकोनी खळगा गोल झाला असेल तर तो फेकून दे. रुपयाचा माल आहे, त्यात काटकसर नको. मग स्पिंडल हाताने फिरव. गोल दांड्यावर एका बाजूला सपाट पट्टी तासलेली दिसेल. पात्याचा आर्बर, चक, चकती, जे काही चढवशील त्याचा ग्रब स्क्रू बरोबर त्या सपाटीवर बसला पाहिजे. गोलाईवर आवळलास तरी हाताला घट्टच लागतो, फसवणूक तिथेच होते. स्क्रू हलका टेकव, जोडभाग अंगठ्याने डावी-उजवीकडे जरासा डुलव, स्क्रू सपाटीच्या मधोमध बसल्याचं बोटाला कळतं, आणि मगच पूर्ण आवळ. आधीच्या कोणी गोलाईवर आवळून दांड्याला ओरखडे पाडले असतील तर बारीक कानशीने तेवढीच उठलेली धार घास. सपाटी वाढवायला जाऊ नकोस.

मग दोन लांब नळ्या, ज्यांवर सगळं सरकतं. त्यांच्यावरचा गंज बघून हातात खरखरीत पॉलिश पेपर घ्यायचा मोह होईल. घेऊ नकोस. मिनरल स्पिरिट आणि बारीक घासणी एवढ्याने ऐंशी टक्के गंज जातो, उरलेले काळे डाग राहू देत, त्यांनी काही बिघडत नाही. नळ्या कोरड्या झाल्यावर पेस्ट वॅक्स लाव आणि कापडाने घासून घासून पुसून काढ. तेल मात्र लावायचं नाही. तेलावर भुसा बसतो, त्याचं किटण होतं आणि हेडस्टॉक सरकेनासा झाला की लोक हातोडी काढतात. हेडस्टॉकला नळ्यांवर धरून ठेवतात त्या आतल्या पाचरी. खिटी फिरवली की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि नळ्यांवर दाबल्या जातात. खिटी शेवटपर्यंत फिरूनही हेडस्टॉक हलत असेल तर जोर लावू नकोस. पाचरी बाहेर काढ, साफ कर, उलट्या बसल्या आहेत का ते बघ. हेडस्टॉक आवळल्यावर दोन्ही हातांनी जोरात ढकलून बघायचं. टेबल, टेबलाची गाडी आणि लेथचं मागचं टोक यांनाही हाच न्याय.

मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, असं तू लिहिलं आहेस. मग मोटर बहुधा जळलेली नाही. या मोटरमध्ये सुरुवातीचा रेटा द्यायला एक कपॅसिटर असतो आणि वेग आला की त्याला बाजूला करणारा सेंट्रिफ्यूगल स्विच. त्याच्या पत्र्यांमध्ये साठ-सत्तर वर्षांचा भुसा बसला की नेमकं हेच होतं. उघडून फुंकर मार, पत्रे स्वच्छ कर. कपॅसिटर फुगलेला किंवा गळलेला असला तर बदल. पण प्लग काढल्यावरही तो वीज धरून बसतो, म्हणून तो डिस्चार्ज कसा करायचा हे नीट माहीत नसेल तर मोटर काढून सरळ मोटर दुरुस्त करणाऱ्याकडे ने. यात कमीपणा काही नाही. आणि फोटोत दोन पायांचा प्लग दिसतोय, तो आजच कापून टाक. धातूच्या हेडस्टॉकला अर्थिंग नाही आणि तुझ्या गॅरेजची जमीन काँक्रीटची, पावसाळ्यात ओल धरणारी. तीन तारांची जाड वायर बसव, हिरवी तार धातूला.

वेगाच्या चकतीबद्दल एकच नियम आहे आणि तो मोडून माणसं हे यंत्र मोडतात: यंत्र बंद असताना ती फिरवायची नाही. आत दोन दुभंगणाऱ्या पुल्या आहेत. चकती फिरवली की एक पुली मिटते, दुसरी उघडते, पट्टा एकीवर वर चढतो, दुसरीवर खाली उतरतो, आणि वेग ७०० पासून ५,२०० फेऱ्यांपर्यंत बदलतो. पट्टा फिरत असेल तरच तो चढू-उतरू शकतो. थांबलेल्या पट्ट्यावर जोर केलास तर चकतीमागचे छोटे दाते तुटतात. म्हणून काम संपलं की चालू यंत्रावरच वेग सगळ्यात कमी करायचा आणि मग बंद. पुढच्या खेपेला मोटरलाही सोपं जातं. पुल्या सरकतात त्या दांड्यांवर अधूनमधून पातळ तेलाचे दोन-चार थेंब दे, जास्त दिलंस तर पट्ट्यावर उडेल. बेअरिंगं बंद प्रकारची आहेत, त्यांना तेल लागत नाही. आवाज करायला लागली की बदलायची.

सगळं फिरायला लागलं की टेबल सरळ करायचं काम, आणि यात एक रविवार गेला तरी चालेल. पुन्हा प्लग काढ. पात्याच्या एका दाताला खडूने खूण कर. टेबलातल्या खाचेपासून त्या दातापर्यंतचं अंतर पुढच्या बाजूला मोज, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे आण आणि तिथे मोज. तोच दात घ्यायचा, कारण पातं जरा वाकडं असलं तरी एकच दात स्वतःशी खोटं बोलू शकत नाही. फरक असला तर टेबलाखालचे बोल्ट किंचित सैल करून लाकडी हातोडीने टेबल ठोठाव. ठोठाव म्हणतोय, ठोक नव्हे. आवळल्यावर पुन्हा मोज, कारण आवळताना ते हमखास हलतं. खाच पात्याशी जुळल्यावर मगच फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची पट्टी, खाचेशी जुळवायची. उलट क्रमाने गेलीस तर आयुष्यभर जुळवत बसशील. फेन्सचं मागचं टोक पात्याच्या दिशेने झुकलेलं नको, केसभरही नको. लाकूड तिथे चेपलं गेलं की पातं ते उचलून तुझ्या पोटावर फेकेल. पात्यामागची लाकूड फाकवून धरणारी पट्टी आणि वरचं आवरण त्या कुटुंबाने दिलं नसेल तर जुन्या बाजारातून शोध. ते हाती येईपर्यंत करवत नको. तोवर ड्रिल चालव, घासचकती चालव.

आता माझं मत. करवत म्हणून हे यंत्र बेताचंच आहे. तिरकं कापायला पातं झुकत नाही, अख्खं टेबल झुकतं, आणि लांब फळी त्या उतारावरून घसरते. आडवं ड्रिल मात्र असं, की भल्या भल्या महागड्या यंत्रांना जमत नाही. फळीच्या टोकात डॉवेलची भोकं पाडायला याच्यासारखं दुसरं नाही. घासचकतीही तितकीच नेमकी. लेथ लांब कामाला उत्तम, पण सगळ्यात कमी वेग ७००, आणि ओबडधोबड मोठ्या वाडग्याला तोही फार. वेग आणखी उतरवणारा जोडभाग मिळेपर्यंत वाडग्यांच्या नादी लागू नकोस. तुझ्या यादीत पहिलं नाव वाडग्याचंच आहे, ते मी पाहिलं.

कामाचा क्रमही या यंत्राप्रमाणे लाव. एक पाय पूर्ण करून दुसरा घ्यायचा असं इथे चालत नाही. सगळ्या तुकड्यांची कापणी एका बैठकीत, मग सगळी भोकं, मग सगळी घासणी. एकदा फेन्स हलली की तेच माप पुन्हा हुबेहूब येत नाही, म्हणून कापतानाच प्रत्येक मापाचा एक तुकडा जादा काप. लेथवर उभी राहशील तेव्हा केस बांधलेले, बांगड्या-साखळी काढलेली, हातमोजे नाहीत, ओढणी तर नाहीच, आणि तोंडावर पूर्ण चेहरा झाकणारं आवरण. नुसता चष्मा नको. ग्रीनमन यांना लागलं ते कपाळाला.

रंगाचं सांगतो. जुना रंग कोरडा घासू नकोस. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं, आणि तुझ्या घरात दीड वर्षांचं पोर रांगतंय. साबणपाण्याने धू, मेण लाव. जिथे धातू उघडा पडला असेल तेवढ्या जागी ठिगळासारखा रंग दे. मूळ छटेच्या मागे लागू नकोस, दुकानात मिळेल त्या हिरव्याने भागतं.

पहिलं काम म्हणून लाटणं कर. मेपलचा सरळ रेषांचा, गाठ नसलेला तुकडा घे, दीड इंची चौकोनी, लांबी सोळा इंच. आधी करवतीवर कोपरे उडवून अष्टकोन करायचा नाही, तेवढं पटाशीने किंवा रंध्याने हाताने कर. लेथवर दर थोड्या वेळाने यंत्र थांबवून मागच्या टोकाची खिटी तपासत जा. पॉलिश, लाख काही नको, खायचं खोबरेल पुरे.

ग्रब स्क्रूचे आटे आत मरून गेले असतील तर स्वतः नवे पाडत बसू नकोस. फोटो काढून पाठव. माझ्याकडे जुन्या हेडस्टॉकचे दोन सुटे भाग पडून आहेत, बसतील तर पार्सल करतो. दादा-वहिनींना नमस्कार, छोट्याला गोड पापा.

तुझा,
अण्णाकाका