बंदरात पाणी आहे का?

जूनमध्ये मुंबईची कॉलेजं सुरू होतात आणि त्याच सुमारास मांडव्याची बोट बंद होते. मेअखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत गेटवे ते मांडवा प्रवासी बोटी पावसाळी हवेमुळे थांबतात. ‘तासाभराचं तर अंतर, जाऊन-येऊन कर’ असं म्हणून ज्या बोटीच्या भरवशावर अलिबाग तालुक्यातली पोरं मुंबईत प्रवेश घेतात, ती बोट पहिले तीन महिने त्यांना दिसतसुद्धा नाही. मार्च 2020 पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो आली आहे. ती मोठी आहे आणि हवा बरी असेल तर पावसाळ्यातही सुटते. पण रोजच्या विद्यार्थ्याच्या खिशाला ती झेपेलच असं नाही.

मी सासवण्याची. कॉलेज फोर्टात. आमच्या वेळी पावसाळ्यात उरायची ती रेवसची लाँच. रेवस ते भाऊचा धक्का हा मार्ग बंदराच्या आत असल्यामुळे ती चालू असायची. तीन नंबरचा बावटा लागला की तीही बंद. आजीचा या लाँचला कायम विरोध. 17 जुलै 1947 ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आमच्या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ती तारीख पंचांगात बघावी लागत नाही. डिसेंबर 2024 मध्ये घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तेव्हा कुठे लाइफ जॅकेटचा विषय सगळ्यांच्या तोंडी आला. जॅकेट द्यायला कुणी टाळाटाळ केली तरी मागून घ्या आणि अंगात घाला. मांडीवर ठेवून उपयोग नाही.

पण रोजच्या प्रवासात छळते ती ओहोटी. रेवसचं बंदर गाळाने भरलेलं, उरणच्या मोरा बंदराचीही तीच कथा. पाणी उतरलं की लाँचला धक्क्याला लागता येत नाही. एका अमावस्येला संध्याकाळी आमची लाँच रेवस समोर दिसत असताना चिखलात रुतली. धक्क्यावरचे दिवे मोजता येतील इतकं गाव जवळ, आणि आम्ही मात्र पाणी चढायची वाट बघत बसलेलो. एक कोळीण टोपलीला टेकून शांत झोपली होती. तिला हे आधीच माहीत होतं. उतरताना तिने मला विचारलं, ‘तिथ बघून निघत नाय का गो?’

तिने सांगितलेला हिशोब कोळीवाड्यातल्या पोराला तोंडपाठ असतो, शेजारच्या आगरातल्या मुलीला ठाऊक नव्हता. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल त्या आकड्याच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बारा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आता गंमत बघा: पौर्णिमा-अमावस्येला ओहोटी पडते पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे, म्हणजे नेमकी कॉलेजला निघायच्या आणि घरी परतायच्या वेळेला. त्यात उधाणाच्या दिवसांत भरती जेवढी चढते तेवढीच ओहोटी खोल उतरते. पंधरवड्यातले तेवढे तीन-चार दिवस परतीला लाँच धरायचीच नाही, हे मी ठरवून टाकलं. वहीच्या मागच्या पानावर वेळापत्रकाशेजारी तिथ्या लिहायला लागले. सोबतच्या मुंबईकर मुलींना वाटायचं, ही उपास करते.

लाँच नाही तर मग काय? डॉकयार्ड रोडहून हार्बर लोकल, पनवेल, तिथून अलिबागची एसटी. सीएसएमटी ते पनवेल लोकलला सुमारे एक तास वीस मिनिटं लागतात आणि हार्बरवर मेन लाइनसारखी फास्ट गाडी नसते, त्यामुळे वेळ वाचवायला तिथे वाव नाही. चढताना डब्यावरची पाटी वाचा. वडाळ्याहून फाटा फुटतो, एक मार्ग अंधेरी-गोरेगावकडे जातो. रविवारी परीक्षा असेल तर शनिवारीच मेगाब्लॉकची बातमी बघा. खरी परीक्षा मात्र पनवेलनंतर. वडखळला वाहनं अडकली की एसटीच्या वेळापत्रकाला काही अर्थ उरत नाही. म्हणून पनवेलहून शेवटच्या नव्हे, शेवटून दुसऱ्या एसटीला बसायचं, असा माझा नियम होता. शेवटची चुकली की पुढे रात्रभर स्टँडचं बाकडं.

आता एक नवी वाट आहे, ती आम्हाला नव्हती. 12 जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत लोकल धावते. रेवसहून तरीने करंजा, तिथून रिक्षाने उरण स्टेशन, लोकलने नेरूळ किंवा बेलापूर आणि पुढे हार्बर. नवी मुंबईत कॉलेज असेल तर हाच रस्ता सरळ. फक्त या तरीलाही रेवसचा गाळ चुकत नाही, तेव्हा तिथीचा हिशोब इथेही लागतो. रेवस-करंजा पूल होईल तेव्हा होईल. त्याची बोलणी मी शाळेत असल्यापासून ऐकतेय.

पासाचं थोडक्यात. रेल्वेच्या विद्यार्थी सवलतीचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून मिळतो आणि सवलत घराजवळचं स्टेशन ते कॉलेजजवळचं स्टेशन एवढीच असते. अर्ज करतानाच स्टेशन नीट ठरवा. पनवेल लिहून उरणमार्गे जायला लागलात तर तो पास कामाचा नाही, आणि विनातिकीट सापडल्यावर भाड्याशिवाय किमान 250 रुपये दंड आहे. पासासोबत आय-कार्ड हवंच. एसटीत मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींनी आधी हिशोब करावा आणि मग पासाच्या रांगेत उभं राहावं.

आणि घरी फोन करताना नुसतं ‘निघाले’ म्हणू नका. कुठल्या वाटेने, तेही सांगा. मी एकदा तेवढंच म्हटलं आणि एसटीने कार्लेखिंडीत उतरले. काका स्कूटर घेऊन रेवसच्या धक्क्यावर, येणाऱ्या प्रत्येक लाँचमधली माणसं निरखत, रात्री दहापर्यंत.