तीन फुल्यांचे नगर : ॲम्स्टरडॅमचे मानचिन्ह

तांबडी ढाल, तिच्या मधोमध उभा काळा पट्टा आणि त्या पट्ट्यावर एकाखाली एक तीन पांढऱ्या फुल्या, एवढेच ॲम्स्टरडॅमच्या मानचिन्हाचे मूळ रूप. या फुल्या म्हणजे संत अँड्र्यूचा तिरपा क्रूस होय. हीच ढाल आडवी केली की नगराचा ध्वज तयार होतो. त्याला अधिकृत मान्यता मात्र १९७५ साली मिळाली.

तीन फुल्या म्हणजे आग, पूर आणि प्लेग ही तीन संकटे, असे प्रवाशांना हमखास सांगतात. कथा सुरेख आहे, पण टिकत नाही. शेजारच्या आम्स्टेलवेन गावाच्या मानचिन्हातही अशा फुल्या आहेत आणि त्या चार! मग चौथे संकट कोणते? १२८० च्या सुमारास येथे सत्ता असलेल्या पेर्सेन घराण्याच्या ढालीवरून त्या आल्या असाव्यात, हे अभ्यासकांचे मत अधिक पटते.

ढालीवरील मुकुटाची हकीकत गमतीची आहे. पुढे सम्राट झालेल्या मॅक्सिमिलियनला या नगराने कर्ज दिले, मदत केली. त्याची परतफेड म्हणून त्याने १४८९ मध्ये आपला मुकुट वापरण्याची मुभा दिली. १५७८ मध्ये नगर प्रॉटेस्टंट पक्षाकडे गेले, पुढे त्या राजघराण्याची सत्ताही झुगारली गेली. मुकुट मात्र कोणी उतरवला नाही. वेस्टरकेर्क या प्रॉटेस्टंट चर्चच्या मनोऱ्यावरही तो विराजमान आहे. व्यापारी माणूस पत वाढविणारी वस्तू सहसा टाकीत नाही!

परंतु या चिन्हाचा खरा अर्थ त्याच्या सर्वांत अलीकडच्या भागात, ब्रीदात आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मनांनी ज्यू वस्तीतून चारशेहून अधिक तरुण पकडून नेले. त्याच्या निषेधार्थ २५ फेब्रुवारीस ट्राम कामगार, गोदी कामगार आणि पाठोपाठ सारे शहर संपावर गेले. व्याप्त युरोपात ज्यूंसाठी झालेला असा सार्वजनिक संप विरळाच. दोन दिवसांत तो गोळ्या घालून मोडण्यात आला. त्या स्मृतीसाठी राणी विल्हेल्मिना यांनी १९४७ मध्ये तीन शब्द बहाल केले : शूर, दृढनिश्चयी, दयाळू.

हे शब्द वाचताना दुसरी बाजूही डोळ्यांआड करू नये. त्याच देशातून पुढे एक लाखाहून अधिक ज्यू छावण्यांत नेऊन मारले गेले, आणि त्यांच्या नोंदी, याद्या स्थानिक कचेऱ्यांतूनच पुरविल्या गेल्या. म्हणून हे ब्रीद सबंध नगरापेक्षा त्या दोन दिवसांच्या संपकऱ्यांचे आहे, असे मला वाटते. जुन्या ज्यू वस्तीत १९५२ पासून गोदी कामगाराचा पुतळा उभा आहे. दर वर्षी २५ फेब्रुवारीस लोक तेथे फुले घेऊन जमतात.