सिंदखेडचा वाडा व जुना पोषाख

बीबीहून जवळ असलेल्या सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांचा वाडा आम्हीं विद्यार्थ्यांसह पाहिला. इ. स. १५९८ मध्यें जिजाबाईंचा जन्म येथें झाला. भव्य दरवाजा न्याहाळून एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, त्यांचीं लुगडीं कोठें आहेत?” प्रश्न मार्मिक होता.

दगड शतकानुशतकें टिकतो. कापडास मात्र ऊन, ओल व कसर खातात. शिवाय काटकसर! लुगडें शिवलेलें नसल्यामुळें जीर्ण होतांच त्याची गोधडी होई. जरीचें वस्त्र तर रुप्यासाठीं जाळीत. म्हणून साध्या माणसांचा पोषाख इतिहासांतून लवकर पुसला जातो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जुनीं वस्त्रें जपलेलीं पाहावयास मिळतात. परंतु वऱ्हाडांतील प्रत्येक घरची पेटी हेंही एक लहानसें संग्रहालयच आहे.

विद्यार्थीमित्रांनो, घरीं आजीचें नऊवारी लुगडें किंवा पणजोबांचा बंदांचा अंगरखा असल्यास तें वस्त्र मऊ सुती कापडांत गुंडाळा, उन्हापासून दूर ठेवा व वर्षांतून एकदां घडी बदला. नाहींतर तें घडीवरच विरतें. कोणीं व केव्हां वापरलें हें चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. पालकांनींही त्या आठवणी मुलांस सांगाव्या. वाड्याची राखण सरकार करतें. पेटीची राखण आपणच केली पाहिजे.