वारल्यांच्या घरी

(दूरच्या, अनोळखी लोकांत काम करायला गेलेल्या स्वयंसेवकाला पहिले काही आठवडे फार कठीण जातात. राहणी वेगळी, जेवण वेगळे, भाषाही वेगळी. अशा वेळी त्याने काय करावे? आपल्याच पालघर जिल्ह्यातील वारली कुटुंबांत राहून काम करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांच्या उदाहरणावरून या पाठात ते सांगितले आहे.)

पालघरहून डहाणूकडे गाडी निघाली की पहिले स्थानक लागते उमरोळी. त्यानंतर येते बोईसर. रुळांच्या पश्चिमेस सातपाटी, मुरबे, तारापूर अशी समुद्रकाठची गावे आहेत. पूर्वेस भाताची शेते आहेत. त्यांच्या पलीकडे डोंगर आणि जंगल. या डोंगराळ भागात वारली लोकांचे पाडे विखुरलेले आहेत. इथून मुंबई काही फार लांब नाही. तरीही १९४५ साली शहरातून या पाड्यांत येणाऱ्या माणसाला आपण परदेशात आलो की काय, असे वाटावे, इतके इथले जीवन वेगळे होते.

आज अनेक देशांतील तरुण स्वयंसेवक म्हणून परदेशी जातात. कोणी शाळेत शिकवतो, कोणी दवाखान्यात काम करतो. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ या संस्थेचे स्वयंसेवक बहुतेक देशांत सुरुवातीचे दोन-तीन महिने एखाद्या स्थानिक कुटुंबातच राहतात. त्या घरचे अन्न खातात, त्या घरची भाषा शिकतात. काम त्यानंतर सुरू होते. असे का बरे करत असतील? ज्यांच्यासाठी काम करायचे, ते लोक कसे जगतात हे त्यांच्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून! गोदावरीबाईंनाही हाच अनुभव आला.

गोदावरी परुळेकर यांचा जन्म १९०७ साली झाला. त्यांचे माहेरचे आडनाव गोखले. त्या पुण्यातील एका सुखवस्तू व सुशिक्षित घरात वाढल्या. त्या काळी फार थोड्या मुली महाविद्यालयात जात. गोदावरीबाईंनी तर कायद्याची पदवी मिळवली. वकिली करून त्या आरामात राहू शकल्या असत्या. पण त्यांचा ओढा समाजसेवेकडे होता. त्यांनी ‘भारत सेवक समाज’ या संस्थेत काम केले. पुढे त्या व त्यांचे पती शामराव परुळेकर शेतकऱ्यांच्या चळवळीत पडले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तिला काही वारली आले होते. त्यांची हकीकत ऐकून परुळेकर पतिपत्नींनी वारल्यांच्या मुलखात जायचे ठरवले.

तिथे ना धर्मशाळा होती, ना खाणावळ. राहायचे कुठे? वारल्यांच्या घरीच. वारल्याचे घर म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड. त्यावर शेणामातीचा लेप आणि वर गवताचे छप्पर. बहुधा एकच खोली असायची. त्याच खोलीत चूल, तिथेच माणसे, आणि कोंबड्या-शेळ्यांनाही तिथेच आसरा. खिडकी नसल्यामुळे चुलीचा धूर घरभर कोंडायचा. नाचणीची भाकरी किंवा पातळ आंबील आणि सोबत मीठ-मिरची, हे जेवण. तेही दोन्ही वेळ पोटभर मिळेलच असे नाही. उन्हाळ्यात पाणी लांबून आणावे लागे. शहरातील माणसाला अशा घरात एक रात्र काढणेही जड गेले असते. गोदावरीबाई मात्र या घरांत राहू लागल्या. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर त्या पायीच जात. जे घरच्यांचे, तेच त्यांचे. वेगळे अन्न नाही, वेगळे अंथरूण नाही.

पण राहणीपेक्षाही मोठी अडचण दुसरीच होती. वारली माणूस त्यांच्याशी बोलत नव्हता. त्याची बोली पुण्याच्या मराठीहून निराळी होती, हे एक कारण. दुसरे कारण भीती. स्वच्छ कपडे घातलेला माणूस पाड्यावर आला, तर तो जमीनदाराचा, सावकाराचा किंवा सरकारचा असणार आणि त्याच्या येण्याने काहीतरी संकट ओढवणार, हे वारल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यामुळे प्रश्न विचारला तरी उत्तर मिळत नसे. अशा वेळी भाषणे करून काय उपयोग? गोदावरीबाईंना आधी ऐकायला शिकावे लागले. एकाच घरात राहणे, एकाच चुलीवरचे खाणे, यांतून हळूहळू ओळख वाढली. भीती कमी झाली. मग माणसे बोलू लागली.

त्यांनी जे सांगितले, ते ऐकून कोणाचेही मन हेलावेल. एके काळी या जमिनी वारल्यांच्याच होत्या. त्या सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. आता वारली त्याच जमिनीवर कूळ म्हणून राबत होता. शिवाय त्याला जमीनदाराच्या शेतावर फुकट काम करावे लागे. यालाच ‘वेठबिगार’ म्हणत. यातील ‘बिगार’ हा शब्द फारसीतून आला आहे. उर्दूत तुम्ही त्याला ‘बेगार’ म्हणता. पावसाळ्यात घरातले धान्य संपे. मग खावटी म्हणून सावकाराकडून उसने धान्य घ्यावे लागे आणि पीक आल्यावर ते कितीतरी वाढवून परत द्यावे लागे. सर्वांत वाईट प्रथा होती ‘लग्नगडी’ची. तरुणाने लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेतले, की ते फेडण्यासाठी तो आणि त्याची बायको दोघेही जमीनदाराकडे राबत. कर्ज काही फिटत नसे आणि सुटकाही होत नसे.

हे सारे सरकारी कागदांत वाचून कळले नसते. दोन तासांची भेट देऊन परतणाऱ्या पाहुण्यालाही ते कोणी सांगितले नसते. घरच्या माणसालाच घरचे दुःख सांगतात.

२३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी वारल्यांची सभा झाली. सुमारे पाच हजार लोक आले. यापुढे वेठ करायची नाही, असा निश्चय त्यांनी केला. काही महिन्यांपूर्वी जी माणसे तोंडातून शब्द काढत नव्हती, ती आता हात वर करून ‘नाही’ म्हणत होती! वारली आता गोदावरीबाईंना प्रेमाने ‘गोदाराणी’ म्हणू लागले.

या प्रेमाची किंमतही त्यांना मोजावी लागली. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीसाठी लढा सुरू झाला. पाचशे पौंड गवतास अडीच रुपये, अशी त्यांची मागणी होती. ऑक्टोबरमध्ये गोदाराणींच्या जिवाला धोका असल्याची अफवा पसरली. ती ऐकून हजारो वारली तलवाडा येथे धावून आले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. एवढे होऊनही लोक मागे हटले नाहीत. वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथा मोडून पडल्या. सबंध देशात वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. वारल्यांनी त्याच्या तीस वर्षे आधीच आपल्या पायांतील बेड्या तोडल्या होत्या.

खऱ्या अर्थाने परदेशी गेलेले स्वयंसेवकही याच वाटेने गेले आहेत. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली आणखी चार भारतीय डॉक्टरांसह चीनमध्ये गेले. तिथे जपानशी युद्ध चालू होते. काही महिन्यांतच त्यांना वडिलांच्या मृत्यूची बातमी कळली. तरीही ते परतले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि खेडोपाडी जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे बत्तीस वर्षांचे होते. चिनी लोक आजही त्यांना आपला माणूस मानतात.

गोदावरीबाईंनी आपले अनुभव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिले. ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९६ साली गोदावरीबाईंचे निधन झाले. तलासरीच्या महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. ज्या मुलखात अक्षरओळख नसलेल्या माणसांच्या चुलीपाशी बसून त्या ऐकायला शिकल्या, त्याच मुलखात आता वारल्यांची मुले-मुली पदवीचे शिक्षण घेत आहेत.

शब्दार्थ

पाडा – आदिवासींची लहान वस्ती.
कूड – काठ्यांची, मातीने लिंपलेली भिंत.
आंबील – पिठाची पातळ, आंबट पेज.
कूळ – दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी.
खावटी – खाण्यासाठी उसने घेतलेले धान्य.
मन हेलावणे – मनात कळवळा दाटून येणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वारल्यांच्या घराच्या भिंती कशाच्या असत?
(आ) झरी येथील सभेत वारल्यांनी कोणता निश्चय केला?

२. कारणे लिहा.
(अ) सुरुवातीला वारली गोदावरीबाईंशी बोलत नव्हते.
(आ) लग्नगड्याची सुटका होत नसे.

३. ‘घरच्या माणसालाच घरचे दुःख सांगतात.’ या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

४. जमीन, मजूर, बातमी, खिडकी, कागद, किंमत. यांपैकी कोणते शब्द उर्दूतही आहेत ते शोधा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.