खलनायकाचा पंचनामा

गेममधला अमुक खलनायक नक्की किती वाईट, यावर वाद घालायची मला जुनी खोड आहे. मित्रांत विषय निघाला की चहा दोनदा होतो आणि निकाल काही लागत नाही. या वादांत सगळ्यांत जास्त वेळा आरोपी म्हणून उभा राहिला तो आर्थस, म्हणजे २००२ साली ब्लिझार्डच्या ‘वॉरक्राफ्ट ३’मध्ये आलेला लॉर्डेरॉनचा राजपुत्र. प्रजेच्या रक्षणाची शपथ घेतलेला हा योद्धा पुढे मेलेल्यांच्या फौजेचा म्होरक्या होतो. आपल्याकडे सायबर कॅफेत बसून ‘डोटा’ खेळलेल्यांनी याच गेमचा नकाशा तुडवला आहे. मूळ गोष्टीच्या वाटेला मात्र त्यांतले बरेच जण गेले नाहीत. आर्थस आणि त्याचे भाईबंद यांचा पंचनामा करता करता जे हाती लागलं, ते क्रमाने मांडतो.

१. मुडदे मोजून दुष्टपणा ठरत नाही

जग बुडवायला निघणं हा खलनायकाचा नोकरीधंदाच आहे, त्यामुळे नुसत्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) घ्या. शिन्रा कंपनी मूठभर बंडखोरांना संपवायला झोपडपट्टीच्या डोक्यावरचा शहराचा अख्खा मजला खाली पाडते आणि आळ त्याच बंडखोरांवर घेते. त्याच गेमचा खलनायक सेफिरॉथ एरिथ नावाच्या एका मुलीला मारतो. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं ते एरिथसाठी, कारण तिच्याबरोबर आपण कित्येक तास हिंडलेलो असतो. झोपडपट्टीतल्या बहुतेकांची नावंही आपल्याला ठाऊक नसतात. म्हणून कोणाला ‘सर्वांत नीच’ म्हणण्याआधी मी बघतो, की हा राग गुन्ह्याच्या आकाराचा आहे की माझ्या ओळखीचा.

२. त्या घडीला त्याला काय ठाऊक होतं, ते आधी बघावं

आर्थसवरचा सगळ्यांत गाजलेला आरोप स्ट्रॅथोम शहराचा. रोगट धान्य शहरात पोहोचलेलं असतं. ते खाणारा मरतो आणि शत्रूच्या फौजेत चालता मुडदा होऊन उठतो. आर्थस ठरवतो, की लोक उलटण्याआधीच त्यांना कापून काढायचं. त्याचा गुरू उथर साफ नकार देतो, तर आर्थस त्याला देशद्रोही ठरवून बाजूला सारतो. जेना, जिच्यावर त्याचं प्रेम आहे, तीही पाठ फिरवून निघून जाते.

इथे मी त्याला संशयाचा फायदा देतो. औषध नाही, वेळ नाही, आणि धान्य पोटात गेलेलं. पण एक गोष्ट वहीत टिपून ठेवतो: ज्यांच्या शब्दाला त्याने आजवर मान दिला, ती दोन्ही माणसं ‘नको’ म्हणाली आणि त्याने क्षणभरही विचार केला नाही. कठीण निर्णय घेणारा आणि निर्णयाची घाई झालेला, ही दोन वेगळी माणसं असतात.

३. आपल्या हाताने करवलेल्या पापाची वकिली आपणच करतो

स्ट्रॅथोमची ती कत्तल नुसती पाहायची नसते, खेळायची असते. घरं फोडायची, आतून गावकरी बाहेर पडतात, डोळ्यांदेखत त्यांचे मुडदे होतात आणि आपण त्यांना मारायचं. दुसऱ्या टोकाला मॅलगॅनिस नावाचा राक्षस तेच गावकरी स्वतःकडे ओढत असतो. त्याचे शंभर भरायच्या आत आपले शंभर भरायचे. दोन आकडे शेजारी शेजारी पळत असतात आणि दहा मिनिटांत माणूस ‘हे बरोबर आहे का’ हे विसरून ‘मी मागे पडतोय’ म्हणायला लागतो.

आर्थसची बाजू इतक्या हिरिरीने मांडणारे इतके लोक का भेटतात, याचं उत्तर मला इथे सापडलं. क्लिक त्यांनीच केलेलं असतं. त्याला सोडवलं की आपणही सुटतो. म्हणून हल्ली मी समोरच्याला आधी विचारतो: हेच काम दुसऱ्या पात्राने केलं असतं आणि तू नुसतं बघत असतास, तर काय म्हणाला असतास?

४. साथ देणाऱ्याशी तो कसा वागला, यातच खरी मेख असते

स्ट्रॅथोमनंतर आर्थस मॅलगॅनिसच्या मागावर बर्फाळ नॉर्थरेंडला जातो. तिकडे राजधानीहून निरोप येतो, की मोहीम थांबवा, फौज परत आणा. सैनिक खूश होतात आणि जंगलातून वाट काढत जहाजांकडे निघतात. आर्थस काय करतो? भाडोत्री राक्षसांची टोळी पैसे देऊन गाठतो आणि आपले लोक किनाऱ्याला पोहोचायच्या आत स्वतःचीच जहाजं जाळून टाकतो. सैनिक येऊन बघतात तर समोर राख. तेव्हा तो त्याच भाडोत्र्यांकडे बोट दाखवून ओरडतो, की यांनीच तुमची घरची वाट जाळली, मारा यांना. आणि त्यांना मारलं जातं. त्याचा जुना मित्र मुराडिन तिथेच त्याला सुनावतो, की तू आपल्या माणसांशी खोटं बोललास आणि तुझ्यासाठी लढलेल्यांचा घात केलास.

माझ्या लेखी आर्थस इथे संपला. स्ट्रॅथोमला ‘लोकांसाठी’ हे कारण तरी होतं. इथे सैनिकांना घरी जायचं आहे, राजाचा हुकूम आहे, शत्रू कोणाच्या दारात आलेला नाही. अडचण एकच, की साहेबांचा सूड अर्धवट राहतोय. मेले ते थोडे भाडोत्री, तेही विद्रूप, म्हणून कोणी हळहळत नाही. तरी शहर कापणाऱ्या आर्थसपेक्षा जहाजं जाळून खोटं बोलणारा आर्थस मला जास्त भयंकर वाटतो.

हीच कसोटी ‘फायनल फँटसी ६’च्या (१९९४) केफ्काला लावून बघा. डोमाच्या किल्ल्याला वेढा पडलेला आहे आणि केफ्काच्याच बाजूचा सेनापती लिओ तो सरळ मार्गाने जिंकू पाहतोय. लिओला बोलावणं येतं, त्याची पाठ वळते आणि केफ्का किल्ल्याच्या पाण्यात विष ओततो. आत आपलेच लोक कैदेत आहेत, हे त्याला सांगितलं जातं. त्याला त्याचं काहीच नाही. या कृत्यावर मला फार विचार करावा लागत नाही.

५. शापाआधीचं खातं वेगळं, नंतरचं वेगळं

पुढे आर्थस फ्रॉस्टमोर्न ही तलवार उचलतो, ती त्याचा आत्मा गिळते, आणि मग तो राजधानीत परतून भर दरबारात बापाला, राजा टेरेनसला, ठार मारतो. वरून फुलांच्या पाकळ्या पडत असतात आणि मुकुट रक्ताने माखून पायऱ्यांवरून घरंगळत जातो. दृश्य असं, की सगळे याच गुन्ह्याला पहिला नंबर देतात. मी देत नाही. तोवर तलवार बोलत होती.

मग तो सुटला का? नाही. तलवारीजवळची सूचना मुराडिनने त्याला वाचून दाखवली होती. शक्ती मिळेल, पण आत्म्याला जखम होईल. ‘कोणताही शाप चालेल’ म्हणत त्याने हात घातला. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला अपघाताच्या वेळी शुद्ध नव्हती हे खरं असतं, पण पहिला पेला शुद्धीतच भरलेला असतो.

६. हसवणाऱ्याला सूट देऊ नये

‘बॉर्डरलँड्स २’चा (२०१२) हँडसम जॅक गेमभर कानाशी बडबडत असतो. इतका मजेशीर, की त्याचा फोन यावा असं वाटतं. हा माणूस स्वतःच्या मुलीला, एंजलला, यंत्राला जोडून कोंडून ठेवतो आणि तिच्या अंगी असलेली शक्ती वापरतो. ती शेवटी आपल्याकडे मरण मागते. ती गेल्यावर जॅक ऊर फुटेस्तोवर आक्रोश करतो आणि तो आक्रोश खोटा नसतो. माया होती, पण मायेने कोठडीचं दार उघडलं नाही. अशा पात्रांसाठी मी विनोद वगळून नुसती कृत्यं कागदावर लिहितो. चार ओळींत भूल उतरते.

७. विरोधक वाईट निघाला म्हणून हा चांगला ठरत नाही

‘फार क्राय ४’ (२०१४) मध्ये पेगन मिन हा कायरात या काल्पनिक हिमालयी देशाचा हुकूमशहा. तो नायकाला जेवायला बसवतो, जरा थांब म्हणून सांगतो आणि बाहेर जातो. खेळाडू अर्थातच पळ काढतो आणि बंडखोरांना मिळतो. पण पंधरा मिनिटं खरंच बसून राहिलं, तर पेगन परत येतो, नायकाला त्याच्या आईच्या अस्थी ठेवायला सन्मानाने घेऊन जातो आणि गोष्ट तिथेच मिटते. उलट पळालो, तर ज्यांच्यासाठी लढलो ते बंडखोर नेते सत्ता मिळाल्यावर लोकांवर बंदुका रोखतात.

यावरून ‘पेगनच बरा होता’ असं म्हणणारे पुष्कळ. पण याच पेगनने सुरुवातीला आपल्याच अधिकाऱ्याला पेनाने भोसकून मारलं होतं, आणि जेवणाच्या टेबलावर एका कैद्याच्या अंगात काटा खुपसला होता. त्याचं सौजन्य एका माणसापुरतं आहे. बाकी देशाला ते कधी दिसलं नाही.

८. निकाल देताना तारीख ठरवावी

‘किती दुष्ट?’ या प्रश्नाला दहापैकी गुण देण्यात मला आता रस उरला नाही. मी विचारतो, याला मागे फिरता येत होतं असा शेवटचा दिवस कोणता, आणि त्या दिवशी याने काय केलं? सेफिरॉथने निबेलहाइम गाव पेटवलं त्या रात्रीवर वाद घाला, जॅकने मुलीला पहिल्यांदा कोंडलं त्या दिवसावर घाला. शेवटच्या लढाईतला अवतार बघून निकाल देऊ नका. तोवर शिंगं, पंख, अंधार सगळं चढलेलं असतं आणि तिथे कोणीही दुष्टच दिसतो. आर्थसच्या बाबतीत माझी तारीख जहाजांची आहे. तुमची स्ट्रॅथोमची असेल तर या, बसू. पण पहिल्या चहाच्या आत मुराडिनच्या बोलण्याला उत्तर तयार ठेवा.